पेनड्राइव्ह लावला की कॉपी आपोआप : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड संगणकाला लावलं की कुणी हात न लावता त्यातल्या फाइली ठरलेल्या फोल्डरमध्ये जाव्यात, एवढंच सगळ्यांना हवं आहे. हे होतं, विकतचं सॉफ्टवेअर न घेता होतं. पण कुणाचा ड्राइव्ह, कुठे कॉपी करायची आणि जुन्या फाइलीचं काय करायचं, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. उत्तरांमधल्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. तिरक्या रेघा, कोलन, अवतरणचिन्हं मात्र जशीच्या तशी.

प्रश्न : आमचा फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न झालं की रोज एक-दोन कार्यं असतात. रात्री उशिरा पोरं दोन कॅमेऱ्यांची कार्डं घेऊन येतात. कुणीतरी कॉपी मारायचं विसरतं आणि सकाळी तेच कार्ड फॉरमॅट होऊन पुढच्या लग्नाला जातं. रीडरमध्ये कार्ड घातलं की कॉपी आपोआप व्हावी. ऑटोरन डॉट आयएनएफ ही फाइल टाकून बघितली, काहीच होत नाही. (निपाणी)

ऑटोरनची फाइल चालणार नाही, कारण ती मुद्दाम बंद केलेली आहे. विंडोज 95 पासून ही सोय होती: डिस्क घातली की तिच्यावरच्या फाइलीत लिहिलेला प्रोग्रॅम संगणक चालवायचा. पेनड्राइव्ह आल्यावर व्हायरसांनी तीच वाट धरली. 2008 साली पसरलेल्या कॉन्फिकरनेही तिचा वापर केला. म्हणून 2009 च्या विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद झालं आणि 2011 साली अपडेट देऊन जुन्या एक्सपी आणि व्हिस्टावरही ते बंद करण्यात आलं. त्यामुळे आता हुकूम ड्राइव्हवर ठेवायचा नाही, संगणकावर ठेवायचा. ड्राइव्ह आला की नाही हे संगणकाने बघायचं आणि कॉपीही त्यानेच करायची.

सगळ्यात सोपा मार्ग विंडोजच्या सेटिंग्जमध्येच आहे. ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात ऑटोप्ले, त्यात मेमरी कार्डसमोर फोटो इम्पोर्ट करण्याचा पर्याय. पण तिथे शेवटी कुणाला तरी बटण दाबावंच लागतं. रात्री दोन वाजता थकून आलेला माणूस ते दाबेल याची खात्री नाही. म्हणून तुम्हाला बॅच फाइलच, म्हणजे कमांडच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली साधी फाइल, करावी लागेल.

आधी रीडरला कायमचं अक्षर द्या. विंडोजची कळ आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, रीडरमधल्या कार्डावर उजवं क्लिक करा, चेंज ड्राइव्ह लेटर निवडा आणि के हे अक्षर द्या. विंडोज मोकळी अक्षरं पुढून वाटत जातं, त्यामुळे मधलं अक्षर घेतलं की दुसरा पेनड्राइव्ह ते बळकावत नाही. रीडर नेहमी त्याच पोर्टला लावा. पोर्ट बदललं की काही स्वस्त रीडर विंडोजला नवीन वाटतात आणि अक्षरही बदलतं.

कार्ड त्याच्या नावावरून किंवा क्रमांकावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका. कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की कार्डाचा व्हॉल्यूम क्रमांक दर वेळी बदलतो आणि नावही कॅमेरा स्वतःचं टाकतो. खूण म्हणून ठेवलेली फाइलही पुसली जाते. मात्र डीसीआयएम हे फोल्डर प्रत्येक कॅमेरा तयार करतोच, तेव्हा तीच खूण धरा.

बॅच फाइलमधला क्रम असा: के:\डीसीआयएम आहे का बघायचं. नसेल तर दहा सेकंद थांबून पुन्हा बघायचं. असेल तर पाच सेकंद दम धरायचा, तारीख आणि वेळ घालून नवीन फोल्डर करायचं आणि मग ही ओळ चालवायची:

रोबोकॉपी के:\ "डी:\कार्ड\(तारीख-वेळ)" /ई /आर:2 /डब्ल्यू:5 /ए-:एसएच /एनपी /एक्सडी "सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन" /युनिलॉग:"डी:\कार्ड\(तारीख-वेळ).टीएक्सटी"

कॉपी झाली की के:\ निघेपर्यंत फाइलीने तिथेच थांबायचं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. हा शेवटचा थांबा राहिला, तर दर दहा सेकंदांनी तेच कार्ड पुन्हा कॉपी होत राहतं आणि सकाळपर्यंत डिस्क भरते.

रोबोकॉपी हा फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम व्हिस्टापासून विंडोजमध्येच असतो, वेगळा आणावा लागत नाही. ओळीतला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते समजून घ्या, म्हणजे उद्या काही अडलं तर कळेल. /ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, रिकामी धरून. /आर:2 म्हणजे फाइल वाचता आली नाही तर दोनदाच पुन्हा प्रयत्न करायचा, आणि /डब्ल्यू:5 म्हणजे दोन प्रयत्नांत पाच सेकंदांचं अंतर. /एनपी म्हणजे टक्केवारी दाखवायची नाही, /एक्सडी म्हणजे पुढे लिहिलेलं फोल्डर सोडून द्यायचं, /युनिलॉग म्हणजे कॉपीची नोंद त्या फाइलीत लिहायची. /आर आणि /डब्ल्यू चे आकडे दिले नाहीत तर रोबोकॉपी एका खराब फाइलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी तीस सेकंद थांबून. अशा वेळी संगणक अडकला असं वाटतं, खरं तर तो इमानाने प्रयत्न करत असतो.

डीसीआयएम ही खूण असली तरी कॉपी संपूर्ण कार्डाची करा. सोनीचे कॅमेरे आणि एव्हीसीएचडी पद्धतीने व्हिडिओ घेणारे इतर कॅमेरे व्हिडिओ प्रायव्हेट नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. नुसतं डीसीआयएम उचललं तर फोटो येतात आणि सप्तपदीचा व्हिडिओ कार्डावरच राहतो.

संपूर्ण कार्ड कॉपी करताना एक खोड दिसते. ड्राइव्हच्या मुळाला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, लपवलेली आणि सिस्टमची अशा दोन खुणा असतात. रोबोकॉपी त्या नव्या फोल्डरलाही लावतो. कॉपी बरोबर झालेली असते पण फोल्डर दिसत नाही, आणि माणूस घाबरून दुसरं काहीतरी करून बसतो. /ए-:एसएच त्याचसाठी आहे. ओळीत के:\ भोवती अवतरणचिन्हं घातलेली नाहीत तीही मुद्दाम: अवतरण बंद होण्याआधी उलटी तिरकी रेघ आली की पुढची सगळी ओळ चुकीची वाचली जाते.

तारीख-वेळेचं फोल्डर सोयीसाठी नाही, ती सक्तीची गोष्ट समजा. कॅमेऱ्यातल्या फाइलींना चार आकडी क्रमांक असतो, 0001 ते 9999, आणि तो संपला किंवा कॅमेरा तसा लावलेला असला की पुन्हा 0001 पासून सुरू होतो. सगळी कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली तर सोमवारच्या लग्नातल्या 0001 वर गुरुवारच्या मुंजीतला 0001 बसतो आणि पहिला फोटो कायमचा जातो. तारीख पॉवरशेल या विंडोजमधल्या कमांडच्या साधनातल्या गेट-डेटकडून वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट या क्रमाने घ्या. बॅचमधलं डेट हे नाव त्या त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे तारीख देतं. ती तिरक्या रेघांत आली की एका फोल्डरऐवजी तीन फोल्डरं तयार होतात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट: कॉपी झाली हे माणसाला कसं कळणार? रोबोकॉपी काम संपवताना एक आकडा सोडतो. शून्य म्हणजे नवीन काही नव्हतं, एक म्हणजे फाइली गेल्या, आठ किंवा त्याहून मोठा म्हणजे काहीतरी राहिलं. रोबोकॉपीच्या लगेच पुढच्या ओळीत हा आकडा तपासा. आठ किंवा जास्त असेल तर कलर 4एफ, नाहीतर कलर 2एफ. पहिल्याने काळी खिडकी लाल होते, दुसऱ्याने हिरवी. झोपेत असलेल्या पोरालाही हिरवा-लाल कळतो. लाल दिसलं तर नोंदीची फाइल उघडा आणि तळच्या तक्त्यात फेल्डचा रकाना बघा.

कार्डाच्या बाजूला लॉकचं छोटं सरकतं बटण असतं, त्याचा इथे फार चांगला उपयोग होतो. कॅमेऱ्यातून कार्ड काढलं की लॉक करायचं आणि तसंच रीडरमध्ये घालायचं. वाचायला अडचण येत नाही, संगणकातला व्हायरस कार्डावर काही लिहू शकत नाही. आणि लॉक असलेल्या कार्डावर कॅमेरा फोटो काढत नाही, फॉरमॅटही करत नाही. खिडकी हिरवी झाल्याशिवाय लॉक काढायचं नाही एवढा एकच नियम स्टुडिओत घाला. तुमची मूळ अडचण अर्धी तिथेच सुटते.

वेळेचा हिशेब ठेवा. 64 जीबीचं भरलेलं कार्ड युएसबी 2 च्या रीडरमधून सेकंदाला साधारण 30 एमबीच्या वेगाने गेलं तर पस्तीस मिनिटं लागतात. युएसबी 3 चा रीडर आणि कार्ड सेकंदाला 80 एमबी देत असेल तर तेरा-चौदा मिनिटं. रीडर पुढच्या काळ्या पोर्टला लावला आहे की मागच्या निळ्या, यावर रात्रीची झोप अवलंबून आहे. संगणकाचं स्लीप नेव्हर करून ठेवा, नाहीतर कॉपी अर्ध्यावर असताना तो झोपतो. युपीएस हवाच. वीज गेली आणि कॉपी तुटली तर अर्धवट फोल्डरवर पुढे काम करू नका, ते पूर्ण काढून टाका आणि कार्ड पुन्हा लावा.

फाइल सुरू करायला तिचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा: विंडोज आणि आर दाबून शेल:स्टार्टअप. टास्क शेड्यूलरमधून, म्हणजे ठरवलेली कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, चालवणार असाल तर दोन गोष्टी बदला. तीन दिवसांनी काम थांबवण्याची खूण तिथे आधीच लावलेली असते, ती काढा. आणि पडद्यामागे चालताना थांबण्यासाठीची टाइमआउट ही कमांड चालत नाही, तिच्या जागी पिंग -एन 11 127.0.0.1 लिहा, दहा सेकंदांचं काम होतं. पण पडद्यामागे चालवलं तर हिरवी-लाल खिडकी दिसणार नाही, म्हणून तुमच्यासाठी स्टार्टअपच बरं.

आणि एवढं करूनही एका डिस्कवरची प्रत ही एकच प्रत. कार्ड पुसण्याआधी दुसऱ्या डिस्कवर तीच ओळ पुन्हा चालवा, ठिकाण बदलून.

प्रश्न : दूध संस्थेत फॅट मोजायच्या यंत्रातून पेनड्राइव्हवर रोजची फाइल येते. यंत्र दररोज त्याच नावाची फाइल लिहितं. पेनड्राइव्ह ऑफिसच्या लॅपटॉपला लावला की ती आपोआप यावी, पण कालची पुसली जाऊ नये. एकाने /एमआयआर वापरायला सांगितलं आहे. शिवाय कधीकधी नवी फाइल येतच नाही. (चिकोडी तालुका)

/एमआयआर अजिबात वापरू नका. त्याचा अर्थ आरसा. पेनड्राइव्हवर जे नाही ते लॅपटॉपवरूनही काढून टाकायचं. ज्या दिवशी चुकून रिकामा पेनड्राइव्ह लागेल त्या दिवशी वर्षभराच्या नोंदी एका मिनिटात जातील, आणि त्या रिसायकल बिनमध्येही सापडणार नाहीत. उत्पादकांचा हिशेब या फाइलींवर होतो. इथे जुनं काढणारी कुठलीही कमांड नको.

नवी फाइल न येण्याचं कारण बहुधा /एक्सओ हे असावं, तुमच्या ओळीत ते आहे का बघा. त्याने जुन्या तारखेच्या फाइली सोडून दिल्या जातात. यंत्रातली घड्याळाची बटण-बॅटरी संपली की यंत्र मागची तारीख लावतं, कधी थेट 1 जानेवारी 1980, कारण पेनड्राइव्हवर फाइली ठेवण्याच्या फॅट नावाच्या पद्धतीत (दुधातल्या फॅटशी तिचा संबंध नाही) तारखा तिथूनच सुरू होतात. आजची फाइल 1980 ची दिसते, लॅपटॉपवरची कालची तिच्यापेक्षा नवी ठरते, आणि रोबोकॉपी आजची फाइल बाजूला ठेवतो. त्याच्या लेखी तो बरोबर आहे. /एक्सओ काढा आणि यंत्राची बॅटरी बदलून घ्या. अशा यंत्रांत बहुधा सीआर 2032 असते, पण जुनी काढून तिच्यावरचा आकडा वाचूनच नवी आणा. कशी बदलायची ते पुस्तिकेत नसेल तर देखभालीच्या माणसाकडून करून घ्या.

तुमचा पेनड्राइव्ह कॅमेऱ्यासारखा फॉरमॅट होत नाही, तेव्हा खुणेची फाइल चालते. त्यावर संस्था डॉट खूण अशा नावाची एक रिकामी फाइल ठेवा. बॅच फाइलने आधी ती बघायची. सापडली तरच पुढे जायचं. म्हणजे कुणाच्या पोराचा गाण्यांचा पेनड्राइव्ह लागला तर काही होणार नाही. कॉपी तारखेच्या फोल्डरमध्ये करा. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळच्या धारा असल्यामुळे फोल्डरच्या नावात तास हवाच. इथली तारीख लॅपटॉपची घ्या, यंत्राची नाही.

तुमच्याकडे दिवसातून दोनदाच पेनड्राइव्ह लागतो, त्यामुळे दर दहा सेकंदांनी बघत बसण्यापेक्षा लावला तेव्हाच जागं होणं चांगलं. ते असं करायचं:

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम, उघडा. अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ड्रायव्हरफ्रेमवर्क्स-युजरमोड, ऑपरेशनल. ही नोंदवही सुरुवातीला बंद असते. उजवं क्लिक करून एनेबल लॉग करा. इथेच बहुतेकांचं अडतं, कारण पुढचं सगळं बरोबर करूनही नोंदवही बंद असली की काम सुरूच होत नाही. मग पेनड्राइव्ह काढून लावा आणि 2003 क्रमांकाची नोंद आली का बघा. आली की टास्क शेड्यूलरमध्ये क्रिएट टास्क, ट्रिगरमध्ये ऑन अॅन इव्हेंट, तीच नोंदवही आणि क्रमांक 2003. तिथेच डिले 30 सेकंद ठेवा, म्हणजे ड्राइव्हला अक्षर मिळेपर्यंत वेळ मिळतो. अॅक्शनमध्ये बॅच फाइल द्या. कंडिशन्समध्ये संगणक विजेवर असेल तरच, अशी खूण असते ती काढा, नाहीतर लॅपटॉप बॅटरीवर असताना कॉपी होणार नाही आणि का होत नाही हे कळणारही नाही.

मोबाइल लावला तरी 2003 ची नोंद होऊ शकते. खुणेची फाइल त्यासाठीही कामाला येते.

प्रश्न : झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, कन्नड आणि मराठी दोन्ही कामं करतो. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फाइली आमच्या संगणकावर आपोआप कॉपी व्हाव्यात, म्हणजे पुन्हा मागायला नको. शॉर्टकट व्हायरसचाही फार त्रास आहे. (खानापूर)

पहिलं करू नका. त्या पेनड्राइव्हमध्ये छापायच्या एका कागदाबरोबर आधार, बँकेचं पासबुक, जमिनीचा उतारा, जातीचा दाखला, घरातले फोटो असं सगळं असतं. मालकाला न विचारता ते उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये बसतं. त्या कलमात काढता येणाऱ्या साधनावर ठेवलेल्या माहितीचा उल्लेख स्पष्ट आहे आणि त्यावर भरपाई द्यावी लागू शकते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू वाईट नाही हे पत्रावरून कळतं. पण तुमच्या संगणकात व्हायरस शिरला तर शंभर गिऱ्हाइकांची कागदपत्रं तुमच्या दुकानातून बाहेर जातील, आणि गावात तोंड दाखवायचं तुम्हाला आहे.

गिऱ्हाइकासमोर, तो दाखवेल तीच फाइल, आजचं काम नावाच्या फोल्डरमध्ये घ्या. रात्री दुकान बंद करताना ते फोल्डर शिफ्ट आणि डिलीट दाबून रिकामं करा. पुन्हा लागेल अशी फाइल, म्हणजे लग्नपत्रिका किंवा बिलबुक, विचारून वेगळी ठेवा.

पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले की त्यातल्या कशावरही दोनदा क्लिक करू नका. व्हायरस त्या क्लिकनेच चालू होतो. खऱ्या फाइली बहुतेक वेळा तिथेच, नुसत्या लपवलेल्या असतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये, ड्राइव्हचं अक्षर ई धरून, अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.* ही ओळ द्या. फोल्डरं दिसायला लागतील. कधी एक नाव नसलेलं फोल्डर दिसतं, सगळ्या फाइली त्यात कोंबलेल्या असतात. शॉर्टकट आणि व्हीबीएस, जेएस शेवट असलेल्या अनोळखी फाइली काढा, मग विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने तो ड्राइव्ह तपासा. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन दिसलं तर राहू द्या, ते विंडोजचंच आहे. ड्राइव्ह साफ करून पुन्हा लावल्यावर शॉर्टकट परत आले तर व्हायरस तुमच्या संगणकात आहे, पेनड्राइव्ह धुऊन उपयोग नाही. दुकानाच्या संगणकावर ऑटोप्ले पूर्ण बंदच ठेवा.

जाता जाता: नुडी किंवा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरांतल्या जुन्या फाइली फॉन्टशिवाय उघडल्या की अक्षरांचा चुथडा होतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं कॉपी करताना बिघडलं. शक्य तिथे पीडीएफच मागा.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये दहा संगणक आहेत, सगळ्यांवर उबुंटू. नेट धड चालत नाही, त्यामुळे धडे पेनड्राइव्हवरून न्यावे लागतात. प्रत्येक संगणकाला पेनड्राइव्ह लावला की धडे आपोआप उतरावेत. (जांबोटी परिसर)

लिनक्सवर हे विंडोजपेक्षा नीट जमतं. पेनड्राइव्हला एकाच शब्दाचं नाव द्या, समजा धडे, रोमन अक्षरांत. नावात जागा किंवा आडवी रेघ नको. पुढे ते नाव वेगळ्या रूपात लिहावं लागतं आणि तिथे चुका होतात. उबुंटू असा ड्राइव्ह मीडिया फोल्डरमध्ये, वापरणाऱ्याच्या नावाखाली जोडतो. ड्राइव्ह लावलेला असताना सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स -टी माउंट ही कमांड द्या. यादीत मीडिया-(वापरणारा)-धडे.माउंट असं नाव दिसेल, ते कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या.

मग इटीसी, सिस्टमडी, सिस्टम या फोल्डरमध्ये एक सर्व्हिस फाइल करा. सिस्टमडी म्हणजे लिनक्समधली कामं सुरू करणारा भाग, त्याला ही फाइल हुकूम देते. युनिटच्या भागात रिक्वायर्स आणि आफ्टर या दोन्हींसमोर ते माउंटचं नाव. सर्व्हिसच्या भागात युजरसमोर लॅबमधल्या वापरणाऱ्याचं नाव, आणि एक्झेकस्टार्टसमोर आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमची ओळ: आरसिंकचा पूर्ण पत्ता, -आरटी, --मॉडिफाय-विंडो=1, पेनड्राइव्हवरचं धड्यांचं फोल्डर, संगणकावरचं फोल्डर. इन्स्टॉलच्या भागात वॉन्टेडबायसमोर पुन्हा तेच माउंटचं नाव. शेवटी सिस्टमसीटीएल एनेबल.

युजरची ओळ राहिली तर सगळ्या फाइली रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या, मालकीच्या होतात, आणि मुलांना त्या बदलता किंवा काढता येत नाहीत. मॉडिफाय-विंडो यासाठी की फॅट पद्धतीत वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवली जाते. एका सेकंदाचा फरक माफ केला नाही तर आरसिंक न बदललेल्या फाइलीही पुन्हा उतरवतो, आणि दहा संगणकांवर तो तास फुकट जातो. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरमधला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. दहा संगणकांवर एकच पद्धत ठेवा.

युडेव्हच्या (नवीन ड्राइव्ह लावल्याची दखल घेणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमात थेट कॉपीची कमांड लिहायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. युडेव्ह लांबणारं काम मध्येच मारून टाकतो. दोन छोट्या फाइलींवर चाचणी यशस्वी होते आणि खऱ्या धड्यांच्या वेळी अर्धे व्हिडिओ येतात. वरचा सिस्टमडीचाच मार्ग धरा.

एका संगणकावर चालल्यावर तीच सर्व्हिस फाइल बाकी नऊ ठिकाणी न्या. वापरणाऱ्याचं नाव सगळीकडे सारखं असेल तर एक अक्षरही बदलावं लागणार नाही.

प्रश्न : मॅकवर असं होतं का? (टिळकवाडी, बेळगाव)

होतं. लाँच एजंट म्हणजे पडद्यामागे काम चालवणारी मॅकची सोय. तिच्या फाइलीत स्टार्टऑनमाउंट या किल्लीसमोर ट्रू लिहा. कुठलाही ड्राइव्ह जोडला गेला की तुमची स्क्रिप्ट चालते. कुठलाही म्हणजे डिस्क इमेजसुद्धा, म्हणून स्क्रिप्टने आधी व्हॉल्यूम्स फोल्डरमध्ये हव्या त्या नावाचा ड्राइव्ह आहे का ते बघायचं. 2019 च्या कॅटलिनापासून मॅक काढता येणाऱ्या ड्राइव्हला हात लावायची परवानगी मागतो. ती खिडकी पहिल्या वेळी समोर बसून मान्य करा.

प्रश्न : कॉपी लाल न होता पूर्ण होते, फाइलींची संख्या आणि आकार बरोबर दिसतो, पण काही व्हिडिओ उघडत नाहीत. पेनड्राइव्ह 512 जीबीचा, बाजारात फार स्वस्तात मिळाला. (संकेश्वर)

पेनड्राइव्ह खोट्या क्षमतेचा असण्याची शक्यता मोठी आहे. आत चिप 16 किंवा 32 जीबीची असते आणि ती 512 सांगायला लावलेली असते. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्यावर चढतं. नाव, आकार, तारीख वेगळ्या यादीत असल्यामुळे सगळं ठीक दिसतं. रोबोकॉपीही नाव, आकार आणि तारीखच बघतो, आतला मजकूर ताडत नाही.

ड्राइव्हवरचं जे उघडतं ते आधी दुसरीकडे घ्या. मग तो रिकामा करून विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ3 चालवा. हे प्रोग्रॅम संपूर्ण ड्राइव्ह भरतात, पुन्हा वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. 512 जीबीला युएसबी 2 वर रात्र पुरणार नाही, हे धरून चला. जे व्हिडिओ खोट्या जागेत लिहिले गेले ते कुठल्याही रिकव्हरीने परत येत नाहीत. ते मुळात साठवलेच गेले नव्हते. ज्या कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलवरून आणले तिथे अजून असतील तर ते आजच बघा.

ड्राइव्ह खरा निघाला तर एकेका फाइलीची तुलना करा. सर्टयुटिल -हॅशफाइल (फाइल) एसएचए256 ही ओळ मूळ फाइलीवर आणि प्रतीवर चालवा. दोन्ही लांबलचक आकडे अक्षरशः जुळले पाहिजेत. ड्राइव्हवर नुकत्याच लिहिलेल्या फाइलीची तुलना लगेच करू नका. त्या वेळी संगणक फाइल ड्राइव्हवरून न वाचता मेमरीतून देतो आणि निकाल खोटा बरोबर येतो. ड्राइव्ह इजेक्ट करून काढा, पुन्हा लावा, मग तपासा.